पुढचे लायनर

माणूस गाडी कशी चालवतो, हे मी त्याला विचारत नाही.
चाक काढतो, ड्रम उघडतो, फुंकर मारतो.
मागचे लायनर झिजून लोखंडाला टेकलेले,
पुढचे कोरे,
कंपनीने छापलेला आकडासुद्धा वाचता येतो.
फाट्यावरच्या दहातल्या नऊ गाड्या अशाच.

फुलसिंग राठोड, लाइनमन,
एकतीस वर्षं गाडीवर.
खांद्यावर तारेचं भेंडोळं, मागे आडवी शिडी,
शिडीच्या टोकाला लाल चिंधी.
आरसे त्याने पहिल्याच दिवशी काढून घरी नेले,
एकात त्याचा पोरगा दाढी करतो.
"पुढचा बिरेक दाबला का मानूस पालथा.
मले इचारा. एकदाबी पडलो नाई."
हेल्मेट?
"कानाले आयकू येत नाई, बाप्पा.
मांगून टॅक्टर आलं तं समजन कसं?"
दारव्ह्याच्या अलीकडे, पोलीस उभे असतात त्या वळणावर
हेल्मेट डोक्यावर चढतं
आणि पुलापाशी उतरतं.
एरवी त्यात अंडी असतात.

मेश्राम सिस्टर उपकेंद्रात बदलून आल्या
तेव्हा वय बेचाळीस, गाडी शिकून तीन महिने.
रविवारी शाळेच्या पटांगणात चुन्याची रेघ मारायच्या,
लांबून यायच्या, रेघेपाशी दोन्ही ब्रेक लावायच्या,
मग उतरून पावलांनी मोजायच्या
थांबलो कुठे ते.
पोरं कंपाउंडवर बसून टाळ्या पिटायची.
अंकुश तर गाडी एका चाकावर उचलून
रेघ पुसत गेला.
त्यांनी पुन्हा चुना टाकला.
वहीत लिहिलं: कोरडं, अकरा पावलं. खडी, सोळा.
फुलसिंग म्हणाला, "वहीनं गाडी चालते काय?
हात लागते हात."
मी हसलो. मी त्याच्याच बाजूचा होतो.

मलाही वाटायचं, रस्ता अंगात भिनतो.
डांबर कुठे संपतं, कोणत्या धुऱ्यावरून रोही निघतात,
तुराट्या भरलेली बंडी अंधारात
आधी ऐकू येते, मग दिसते,
हे सगळं पाठ.
पाठ झालेल्या रस्त्यावर माणूस
उघड्या डोळ्यांनी झोपतो,
हे माहीत नव्हतं.

ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत होतं.
चहा सांगायला निघालो, दोनशे पावलं फक्त,
गिऱ्हाइकाची गाडी घेऊन, ट्रायलही होईल म्हणून.
समोर बकरी आली. धुर्व्यांची, कान तुटलेली.
उजवा पाय आपोआप दाबला गेला, मुळापासून.
मागचं चाक दाण्यांवरून
माझ्या आधी टपरीकडे निघालं.
मी आडवा.
बकरी सोयाबीन खात उभी.

सिस्टरांनी कोपराला सहा टाके घातले.
विचारलं, पुढचा लावला असता तर?
"दाण्यांवर? तरी पडला असता.
तिथे आधीच हळू यायचं असतं.
मी तर उतरून ढकलत नेते. हसतात लोक."
त्या हसणाऱ्यांत मी होतो,
हे त्यांना ठाऊक असावं.
पट्टी जरा घट्टच बांधली.

संध्याकाळी फुलसिंग भेटायला आला,
अंडी घेऊन, हेल्मेटातच.
"चुकी सोयाबीनवाल्याची हाय," म्हणाला,
"तुही काई नाई."
मी हो म्हणालो.
जाताना दारात थांबला, मागे वळून
"त्या बाईची वही पाह्यली काय रे तू?"
आणि उत्तराची वाट न पाहता किक मारली.

रात्री शटर अर्धं ओढून
माझ्या स्वतःच्या गाडीपाशी बसलो.
डाव्या हाताने नट फिरेना, पोराला पाना धरायला लावला.
एकोणीस वर्षं लोकांचे ड्रम उघडले,
हा कधी नाही.
पोरगा बॅटरी जवळ घेऊन वाकला
आणि मोठ्याने वाचू लागला
आकडा, शेवटच्या दोन अक्षरांसकट.