शून्य दोन चार दोन

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागे माझं डीटीपीचं दुकान.
दुपारी अब्बासचाचा शिकलगार आले,
बाहीला पॉलिशचा डाग, हातात परदेशी पाकीट.
तंबोरा निघालाय इटलीला,
पेटीवर चिकटवायचं नाव. मोठ्ठं काढ.

मी बडवलं: Niccolo.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"ह्यात कमी आहे."
काय?
"शेवटच्या ओच्या डोक्यावर काडी आहे."
शाई असेल, म्हटलं, नाहीतर माशी.
"माशी दोन पत्रांत एकाच जागी कशी बसंल, पोरी?"

मग शोधाशोध.
ऑल्ट दाबून धरायचं, उजवीकडचे आकडे:
शून्य दोन चार दोन.
माझ्या कीबोर्डचं दोनच तेवढं अडकतं
आणि त्यांच्या एकूण एका काडीला
कुठे ना कुठे दोन लागतोच.
अंगठ्याने रेटलं. बोट उचललं.

ò

मी गप्पच झाले.
ह्याला मी ओळखत होते.
जुनी फाइल उघडली आणि फॉन्ट नसला
की लग्नपत्रिकेची मराठी अशीच व्हायची,
चि. सौ. कां.च्या जागी
काड्या, टोप्या, ठिपके डोक्यावर घेतलेली
कुठली कुठली पोरं रांगेत उभी.
वीस वर्षं कचरा म्हटलं त्यांना.
सगळं सिलेक्ट, डिलीट.
आणि तिकडे कुणाची तरी आई
हाक मारताना नेमका तिथेच जोर देत असेल.

चाचा स्टुलावर बसून सांगत होते, मला की पंख्याला कोण जाणे:
"तार आणि घोडीच्या मधी एवढासा दोरा सरकवायचा.
केसभर इकडं, केसभर तिकडं.
नसला तरी वाजतं की. नुसतं वाजतं."

रात्री मी आणखी शोधलं.
त्यांच्यात एक शब्द आहे, एकाच अक्षराचा.
e म्हणजे आणि.
è म्हणजे आहे.
काडी पडली तर असलेलं माणूस
पुढच्या कुणाला तरी जोडून ठेवलेलं राहतं.
हसू नका.
गेल्या मार्चात मीच
जागतिक महिला दीनाचा फ्लेक्स छापला,
आठ बाय दहा.
चौकात पंधरवडाभर होता. कुणी काही बोललं नाही.

पण ते रात्रीचं.
दुपारी चाचांनी विचारलं, किती झालं?
पानाचे दहा.
"आणि काडीचं?"
काडीचं काही नाही, चाचा.

पावती करताना बघितलं,
अकरा वर्षं मी त्यांना शिकलगर लिहित आले.
कर्सर मागे नेला, काना दिला.
त्यांनी पावती न वाचताच
चौघडी करून खिशात घातली,
आणि नावाचा कागद मात्र
दोन्ही तळव्यांवर आडवा धरून,
शाई ओली नव्हती तरी,
फुंकर घालत नेला.