परतीची ढील

विद्यापीठाच्या माळावर मोर ओरडतात तेव्हा
पडदे ओढलेल्या खोलीत
नखाएवढा एक आरसा
सेकंदाला आठ हजार वेळा मान हलवत असतो.
जाऊन परत, जाऊन परत.
त्याची बारीक शीळ पहिले दोन दिवस कानात रुतते,
तिसऱ्या दिवशी ती थांबली की दचकायला होतं.

भिंगाखाली उसाचं पान आहे, शिरोळहून आणलेलं,
ब्लेडनं कापलेला काप, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
त्यावरून उजेडाचा ठिपका औतासारखा फिरतो,
एक तास इकडून, एक तास तिकडून.
बांधाशी येतो तेव्हा रेंगाळतो,
मधल्या रानात मात्र सुसाट.

पान उत्तर देतं. थेंब थेंब उजेड.
माझं काम एवढंच:
थेंब पडला तो क्षण
आणि आरसा होता ती जागा
यांची गाठ मारायची.
सेकंदाला आठ कोटी गाठी.
चुकल्या, तर आकडे सगळे हातात
आणि पान कुठेच नाही.

पान हरवलं नव्हतं. उसवलं होतं.
शिरेभोवतीच्या गोल पेशी
पडद्यावर फणीसारख्या दातेरी,
सम ओळी एकीकडे, विषम दुसरीकडे,
दोन माणसांनी एकच हकिकत सांगावी
आणि त्यातला एक अर्धं वाक्य मागे असावा, तशी.

सुकुमार म्हणाला, कार्ड बदलू.
कार्डाची किंमत ऐकून विभागप्रमुखांनी
चहा मागवला आणि विषय बदलला.

उद्यमनगरात गेले ती बैठकीच्या आट्या झिजल्या म्हणून.
दस्तगीर मिस्त्री लेथवर होते, चष्म्याला दोरा,
पायाशी निळसर कीस.
सहज म्हणून सांगितलं, जाताना बरोबर येतं,
परतताना सरकतं.
ते हसले नाहीत. हँडल पुढे फिरवलं, थांबवलं,
मग उलटं.
हँडल फिरलं. गाडी हलली नाही.
केसभर. दीड केस.
"ढील असतीया आट्यात," म्हणाले,
"जाताना कळत न्हाई. परतताना आदी ढील खायाची,
मग माप घ्याचं. हे तुमच्यात शिकवत न्हाईत व्हय?"

त्या रात्री परतीच्या ओळीतून
सदतीस मोजमापं खाल्ली.
पेशी मिटल्या. एकेक कडं, सांधा न दिसता.
मी एकटीच टाळी वाजवली
आणि ती त्या खोलीत फारच मोठी वाजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एसी बंद, वैशाख,
पुन्हा दाते.
आता एक्केचाळीस हवे होते.
फोन केला. मागे कानस चालू होती.
"सकाळचं माप दुपारी कोण वापरतंय, मॅडम?
उन्हात लोकंड बी पाय पसरतंय की.
तुमचा आरसा काय लोकंडाहून शाना?"

मग प्रोग्रॅममधून आकडा काढूनच टाकला.
तीन महिने मी तो बरोबर शोधत होते,
त्याची जागा रिकामी बघून
दात पडल्यावर जीभ जाते तशी नजर तिथे जायची.
आता तिथे एक प्रश्न आहे.
दर चित्रापाशी जाणारी ओळ
येणाऱ्या ओळीला विचारते, किती मागे आहेस?
ती सांगते तेवढं थांबायचं.
कधी अडतीस. पाऊस पडून गेला की पस्तीस.
मला आधी विचारलं जात नाही.

त्या ओळींच्या वर मी मराठीत टीप लिहिली आहे:
आधी ढील खा. दस्तगीरचाचा.
बाहेरून आलेले परीक्षक तिथे थांबले,
चष्मा वर करून म्हणाले,
हा संदर्भ पूर्ण नाही. पत्ता?

लिहिला.
उद्यमनगर, पाण्याच्या टाकीमागे, निळं शटर.
दोन ते चार बंद.