साखरेच्या जागी भोपळा

डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहून दिला,
आठ पूर्णांक चार,
आणि खाली दोनदा रेघ ओढली.
आर्मंडनं कागदाची घडी केली
आणि ट्रकच्या सनशेडमागे खोचली,
न भरलेल्या बिलांच्या शेजारी.

मेनच्या उत्तरेला, आमच्या गावात,
हिवाळ्यात बर्फ ढकलणारा हाच,
आणि ऑक्टोबरात नाल्यांत तुंबलेली मेपलची पानं
फावड्यानं उपसणाराही हाच.
पहाटे पाचला पेट्रोलपंपाच्या खिडकीशी थांबायचं,
बादलीएवढा कागदी पेला घ्यायचा,
वर फेसाची टोपी, टोपीवर नारिंगी भुकटी.
मी एकदा चष्मा लावून पेल्यावरचं सगळं वाचलं.
साखर इतकी, की मुंगीलाही ठसका लागावा.
भोपळा? नावापुरता.

म्हटलं, घरीच करू.

पहिला भोपळा पायरीवर शोभेला ठेवलेला.
मोठा, देखणा, आणि चवीला
ओल्या पुठ्ठ्यासारखा.
दुसरा थिबोडोच्या शेतातला, बुटका, जाड सालीचा.
दोन फाका करून भट्टीत भाजला,
गर चाळणीतून दाबून काढला,
मनगट दुखेपर्यंत.
दालचिनी, सुंठ, दोन लवंगा, मिरीचा एक दाणा,
जायफळ किसणीवर तीनदा फिरवून थांबायचं,
चौथ्यांदा फिरवलं की पस्तावायचं.
ओटचं दूध मंद आचेवर,
कॉफी कडक,
मेपलचा पाक एक चमचा. एकच.
बाकी साखरेच्या रकान्यात भोपळा.

"सूप छान झालंय," आर्मंड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लवंग जास्त पडली.
"दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय."
तिसऱ्या दिवशी काहीच बोलला नाही,
आणि संध्याकाळी हायड्रेंजाच्या बुंध्याशी
मला नारिंगी ओल दिसली.

नवव्या दिवशी मीच गेले पंपावर.
म्हटलं, बघू तरी काय जादू आहे.
खिडकीत एक पोरगी, नाकात चमकी,
हातमोज्यांची बोटं कापलेली.
बिल्ल्यावर नाव, ब्री.
ट्रक ओळखून वाकली.
"पेल्टिए आजोबा बरे आहेत ना?
नऊ दिवस झाले. मी रोज बाजूला काढून ठेवते."
आणि तिनं कागदी रुमालात गुंडाळलेली
कुत्र्याची नऊ बिस्किटं माझ्या हातात दिली.
"डचेसला सांगा, ब्रीनं विचारलंय."

डचेस एप्रिलमध्ये गेली.
सफरचंदाच्या झाडाखाली आम्ही दोघांनी खड्डा खणला,
जमीन अजून अर्धी गोठलेली होती.

घरी येऊन मी ट्रकचा कप्पा उघडला.
आत बिस्किटं.
एप्रिलची, मेची, जूनची,
काही भुगा झालेली,
सगळी हाडाच्या आकाराची.

मी काही विचारलं नाही.
चाळीस वर्षांत एवढं तरी शिकले.
कप्पा लावला, हात धुतले,
भोपळ्याचा गर फ्रीजमधून काढला.

दहाव्या पहाटे थर्मास भरला.
"दोघांपुरतं आहे," म्हटलं,
"खिडकीतल्या पोरीला एक कप दे.
रात्रपाळीला असते ती."
आर्मंड बुटाची नाडी बांधत होता.
बराच वेळ बांधत राहिला.
मग म्हणाला, "तिला सांगायला हवं होतं गं.
पण ती इतक्या आनंदानं द्यायची."
"मग आज सांग."
"बघतो."

ट्रकचे लाल दिवे वळणापर्यंत दिसले.
पातेल्याच्या तळाशी घोटभर उरलं होतं,
ते मी उभ्यानंच प्यायले.
खरं सांगते, जरा सूपासारखंच लागतं.

सात वाजता थर्मास रिकामा परत आला.
"ब्री म्हणते, जायफळ कमी कर."
"आणि?"
"आणि रडली थोडी. मग मीही."
त्यानं बिस्किटांचा भुगा पाखरांच्या ताटलीत ओतला,
हात पँटला पुसले,
आणि मी न विचारता म्हणाला,
"उद्या तीन कप कर.
सकाळच्या पाळीला एक नवा मुलगा आलाय."