बेअरिंग

साडेअकरा हजार. त्यातले नऊ माझे,
शिकवण्यांचे, आठवीच्या भूमितीचे.
उरलेले बाबांनी दिले आणि म्हणाले, मीही येतो.

मला नको होतं त्यांनी यायला.
जेल रोडच्या त्या माडीवर, मोटवानीच्या काउंटरशी
पोरं उभी असतात, व्हीरॅम, एफपीएस बोलतात,
आणि बाबांच्या शर्टाला वार्निशचा वास,
एकोणतीस वर्षं मोटरी भरल्याचा.

मोटवानीने दोन कार्डं ठेवली समोर.
एक नवं, सीलबंद, चार जीबी,
तीन वर्षांची वॉरंटी, पंखा एकच,
डब्यापेक्षा बरंच लहान.
दुसरं सेकंडहँड, आठ जीबी,
देवासला कुणाच्या गोदामात
दीड वर्ष दिवसरात्र नाणी खणून आलेलं.
"भिया, किंमत सेम. सोच लो."

मी सहा महिने हेच तर सोचत होतो.
मीडियमवर साठ, हायवर एकेचाळीस,
एक फ्रेम कितीला पडते
याचे भागाकार वहीच्या मागच्या पानावर.
आणि आत्ता काही सुचेना.

बाबांनी जुनं कार्ड उचललं,
आधी नाकाला लावलं.
पोरं गप्प झाली. माझे कान तापले.
मग करंगळीनं पंखा फिरवला, हळूच,
कानाशी धरून तो थांबेपर्यंत ऐकला.
मग दुसरा.
"जळलेलं नाहीये. उजव्याचं बेअरिंग कुरकुरतंय,
दोन थेंब तेल घातलं की झालं.
हे खातं किती?"
मोटवानी म्हणाला, दीडशे वॉट.
बाबा माझ्याकडे वळले, "आणि तुझा सप्लाय?"

सहा महिन्यांत
हा आकडा मी एकदाही लिहिला नव्हता.

सप्लायही घेतला मग, त्याच पैशांत.
घासाघीस कशी झाली ते मी पाहिलं नाही,
समोरच्या दुकानातले कीबोर्ड बघत होतो.

सुदामानगरात रात्री साडेबाराला
एका शहरावर गोळ्या झाडत होतो,
नदी खरी वाटावी इतकी स्वच्छ,
बाबा मागे येऊन उभे राहिले.
म्हटलं, बघा ना, पाण्यात सावली पण पडते.
ते म्हणाले, आवाज बंद कर.

बंद केला. माणसं मुक्यानं पडत राहिली.
बाबांनी डोळे मिटले होते,
मान जरा कॅबिनेटकडे कलती.

बराच वेळ.

"चालेल," म्हणाले,
आणि जाताना तेलाची कुपी
माझ्या टेबलावर ठेवून गेले.