यादीत नसलेलं

रायफल मिळणं सोपं होतं.
एका दुपारचं काम: परवाना, पैसे, सही,
आणि जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेलं ओझं
मागच्या सीटवर आडवं,
झोपी गेलेल्या पोरासारखं.

अवघड होतं ते तिचं बिऱ्हाड जमवणं.

गिमलीच्या मासळी गोदामात
चाळीस वर्षं मी वजनकाटे तपासले.
दोन ग्रॅमची खोट असली तरी
सिगुर्जोनला रात्री डोळा लागत नाही,
हे सरोवराकाठी पोरंसोरंसुद्धा जाणतात.
तेव्हा यादी केली. छापील, सरकारी, चव्वेचाळीस सालची,
तिच्यावरून हाताने उतरवली.

पेटी विनिपेगहून आली, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले.
झाकणावरचा आकडा रायफलीच्या आकड्याहून तीनने पुढे.
म्हणजे हिची नव्हे, शेजारणीची.
असो. हिमवादळात माणसं
कुणाच्याही घरात रात्र काढतात.

चामडी पट्टा ब्रँडनच्या न्हाव्याकडे भिंतीला टांगलेला होता.
त्याच्या बापाने त्यावर तीस वर्षं वस्तरे परजले.
पितळी तेलकुपीत तेल शिल्लक निघालं, थेंबभर;
वास शिलाई मशीनचा.
नळी पुसायच्या दोरीला मधोमध एक गाठ.
नियमाप्रमाणे गाठ चालत नाही.
कुणीतरी अंधारात, गारठल्या बोटांनी मारली असावी.
मी नखाने चाचपली,
सोडवली नाही.

दुर्बीण मिळाली तेव्हा एक गोष्ट उशिरा कळली:
ही नेम धरणाऱ्याची नव्हे.
त्याच्या बाजूला दुसरा एकजण पालथा पडलेला असे,
गवत कुठे झुकतंय ते बघून वारा सांगणारा,
आणि नंतर, काय झालं तेही सांगणारा.
पेटीत दोघांचं सामान असतं.
मी इतकी वर्षं एकाचंच मोजत होतो.

उरला फक्त भिंगाचा डबा.
पत्र्याचा, लांबट, झाकणाला पट्टी.
अकरा वर्षं.

आर्बोर्गला हाल्डोराबाईंच्या फडताळात तो सापडला,
बटणांनी भरलेला.
त्यांचं वय एक्याण्णव. कॉफी त्यांनीच केली.
“हा बाल्डुरचा. माझा थोरला भाऊ.”
मी विचारलं, ते काही सांगायचे का?
“हॉलंडमध्ये चिखल फार होता म्हणायचा. बस.”
मग साखरेचा खडा दातात धरून, बऱ्याच वेळाने,
“परत आल्यावर त्याने एक डोळा मिटून
कधी काही पाहिलं नाही.
सुईत दोरासुद्धा नाही.
दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून ओवायला जायचा, चुकायचा,
आणि सुई माझ्यापुढे धरायचा.
त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं मी लावलीत.”

किंमत विचारली.
त्यांनी डबा हलवला, आतला आवाज ऐकला.
“बटणांसकट ने. ओतून घेऊ नकोस.
सत्तर वर्षं एकत्र आहेत ती.”

परवा कोर्नी पेनर येऊन पेटी बघून गेला.
गुडघ्यांवर बसून, चष्मा कपाळावर चढवून
एकेक खाचा तपासली त्याने.
“सिगुर्जोन, पूर्ण झाली रे!” म्हणाला,
मग डबा उचलला आणि थबकला.
“हे काय खुळखुळतंय?
काढ ती. यादीत नाहीत.”

खरं आहे. यादीत नाहीत.
रात्री मी काटा काढला, ताजवा पुसला,
डबा उपडा न करता तसाच तोलला,
रिकाम्या डब्याचं वजन पुस्तकात होतं, ते वजा केलं.
बटणं: तीनशे बारा ग्रॅम.
शाईने शेवटच्या ओळीखाली लिहिलं,
तारीख टाकली, सही केली.

भिंग सध्या
माझ्या लोकरी पायमोज्यात आहे.