वारा हवा, झोत नको

एकविसावा दिवस.
ब्लायनायच्या डोंगरावरून पाऊस आता येत-जात नाही,
मुक्कामालाच आलाय.
छपरं पाटीच्या दगडाची, ढिगारे पाटीच्या दगडाचे,
आभाळही त्याच खाणीतून काढलेलं.

इद्वाल प्रिदेर्ख सकाळी कोटावर मेणकापड चढवतो
आणि परसातल्या पक्षिघराकडे निघतो.
बावीस पावलं.
मध्ये दोनदा थांबतो,
कुंपण बघायचं निमित्त करून.

मी येते दर मंगळवारी, त्याच्या फुप्फुसांसाठी.
तो आधी मला पाखरांकडे नेतो.

जाळीच्या पश्चिम अंगाला जाड प्लास्टिक ठोकलंय,
वर एक वीत मोकळी सोडून.
मी म्हटलं, तेवढी तरी फट कशाला?
म्हणाला, छातीची नर्स ना तू, लौरी?
वारा हवा, झोत नको.
कोंडलेली ओल थंडीच्या आधी मारते.
(खाणीत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं,
असं तो म्हणाला नाही.
खोकला.)

भिजलेले दाणे तो रोज टाकून देतो,
नेस्ता खिडकीतून कितीही कुरकुरली तरी.
बुरशीचा वास येईतो उशीर झालेला असतो म्हणे.
राळ्यात मूठभर कारळे जास्त,
उकडलेलं अंडं कुस्करून, तेही दुपारपर्यंतच.
आणि संध्याकाळी सातपर्यंत एक दिवा,
कारण रात्र सोळा तासांची
आणि गळ्यातली पिशवी वाटाण्याएवढी.

त्या मंगळवारी खालच्या दांडीवर
एक झेब्रा फिंच
लोकरीच्या गुंड्यासारखी फुगून बसली होती.
झोपली असेल, मी म्हटलं.
पाय मोज, तो म्हणाला.
धडधाकट पाखरू एका पायावर झोपतं.

त्याने तिला मुठीत घेतलं,
त्या मुठीत, जिने चाळीस वर्षं दगड चिरला,
आणि अंगठ्याने छातीचं हाड चाचपलं.
सुरीची पाठ लागायला हवी होती.
धार लागली.

मग तिला कानाशी धरलं,
बंद पडलेलं घड्याळ धरावं तसं.
किट्. किट्.
ऐक, म्हणाला.
मी वाकले.
दोन श्वास ऐकू आले, दोघांतही किटकिट,
एक बोटभर छातीतून,
एक मेणकापडाखालून.
कुठला कुणाचा, हे मला पगार घेऊनही
क्षणभर सांगता आलं नाही.

नेस्ताच्या शिवणाचं खोकं रिकामं झालं.
बॉबिनी, टाचण्या, अर्धा स्वेटर पलंगावर.
आत चाळीसचा बल्ब, पण एकाच टोकाला:
ऊब नकोशी झाली तर
तिला बाजूला सरकता आलं पाहिजे.
पाणी कोमट. अंधार अर्धा.
वर नेस्ताने आपणहून टाकलेला रुमाल.

चहा पिताना मी विषय काढला.
बॅन्गरच्या इस्पितळात पंधरा दिवस,
उबदार वॉर्ड, बेड मिळतोय.
तो खोक्याकडेच बघत राहिला.
म्हणाला, फार गरम ठेवतात तिथे.
हिला बरी झाली तरी मी लगेच बाहेर नाही सोडणार.
आधी बल्ब लहान, मग बल्ब बंद,
मग न तापवलेली खोली, मग एप्रिल.
ऊब अंगी लागली की थंडी कापून काढते.
मला पंधरा दिवसांनी
तुम्ही सरळ दारात आणून सोडाल.

ह्यावर फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

वरच्या खोलीत रक्तदाब घ्यायला गेले
तेव्हा उशा तीन, एकावर एक,
तो बसूनच झोपतो हे सांगणाऱ्या,
आणि पश्चिमेची खिडकी,
खालून दुपटं कोंबून बंद,
वर एक वीत उघडी.
मी लिहिलं: खोली हवेशीर.

आज अठ्ठाविसावा दिवस.
पाऊस तसाच.
दार नेस्ताने उघडलं, हातात कोमट पाण्याची वाटी.
तो परसात आहे, म्हणाली, पंधराव्या पावलावर असेल.
मी खोक्यावरचा रुमाल
कोपऱ्यातून, अगदी हळू, उचलला
आणि पाय मोजू लागले.