मोरचूद

आबीलिओच्या हातांवरच्या रेषा निळ्या आहेत.
गोंदवलेल्या नव्हेत, मुरलेल्या.
बावन्न उन्हाळे त्याने पाठीवर तांब्याची टाकी वाहिली,
दोउरू नदीच्या उतारांवर, पायरी पायरीने,
स्वतःची एकही वेल नसताना.

पानांवर केवडा दिसला की
गावातलं कुणीतरी त्याच्या दारावर थाप मारायचं.
मग दगडी हौदात पाणी, पाण्यात पोतंभर मोरचूद,
आणि चुना कालवायला आम्ही पोरं,
काठी लांब धरून, तोंड फिरवून.
तो खिशातून खिळा काढायचा, मिश्रणात बुडवायचा,
दहा मोजायचा.
खिळा तांबूस झाला तर म्हणायचा,
अजून चुना घाल, पोरी,
हे अजून चावतंय.

मग फवारा.
वेली निळ्या, बांध निळे, गाढवाचे कान निळे,
चर्चला निघालेल्या एर्मेलिंडाच्या काळ्या शालीवर निळे शिंतोडे.
ती शिव्या द्यायची. पिंपातली नवी वाइन चाखताना
त्या परत घ्यायची.

पाऊस यायचा. निळं उतरायचं.
कुठे, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.
खाली, म्हणायचे.
जणू खाली कुणी राहतच नाही.

तांबं कुजत नाही.
एवढं एक वाक्य नीट समजायला
मला शहरातल्या प्रयोगशाळेत सहा वर्षं लागली.
पाला कुजतो, गाढव कुजतं, पिंपाचं लाकूड कुजतं.
तांबं वरच्या वीतभर मातीत बसून राहतं,
निघतो निघतो म्हणत न निघणाऱ्या पाहुण्यासारखं.
थोडं ओढ्यात उतरतं.
तिथल्या दगडांवर हल्ली शेवाळ धरत नाही.
पाय घसरत नाही म्हणून
म्हातारी माणसं खूश आहेत.

माझं काम सोपं आहे. एक डबा.
अर्ध्यात वरच्या पायऱ्यांवरची माती,
अर्ध्यात चेस्टनटच्या रानातली.
मधली पट्टी काढायची,
तिच्या जागी, त्या रेषेवर, दहा गांडुळं ठेवायची,
झाकण लावायचं आणि दोन दिवस
दुसरं काहीतरी करायचं.
बुधवारी सकाळी पट्टी पुन्हा खोवून मी मोजलं.
दहाच्या दहा रानाकडे,
एकमेकांत गुंतलेली,
थंडीतल्या मेंढरांसारखी.

डबा धुतला. पुन्हा केलं. दहा.
तिसऱ्यांदा नऊ. एक सापडलंच नाही,
आणि मी ते बराच वेळ
बोटांनी चाळत शोधत बसले,
जणू त्या एकावर काही अवलंबून होतं.

शनिवारी आबीलिओकडे गेले.
खिडकीच्या चौकटीत त्याचा जुना खिळा,
खिळ्याला एक्स-रे लटकवलेला,
उजेड आरपार येईल असा.
दोन फुप्फुसं, त्यांत गारा पडल्यासारखे ठिपके.
डॉक्टरने विचारलं, खाणीत होतात का?
हा म्हणाला, नाही, द्राक्षांत.

मी पाव कापला, चीज कापलं.
अहवालाचा कागद पिशवीतच ठेवला;
त्याला वाचता येत नाही, आणि मला वाचून दाखवता येत नव्हतं.
पण डब्याची गोष्ट सांगितली.
त्याला ती आवडली. दहा जणांची निवडणूक, म्हणाला.
मग घोटभर थांबून:
“माझ्या बाजूला किती आले?”

माझ्या बाजूला, म्हणाला तो.
ज्यांच्या वेली त्यांच्या नव्हे,
पोत्यावर ज्यांचं नाव छापलेलं त्यांच्याही नव्हे.

“एक,” मी म्हटलं.

तो हसला. हसण्यात खोकला अडकला,
खोकला संपेपर्यंत माझ्या कपातली कॉफी निवली.
मग निळ्या बोटांनी डोळे पुसत म्हणाला,
“आंधळं असणार बिचारं.”

मी हो म्हटलं.
गांडुळांना डोळे नसतातच, एकालाही नसतात,
हे सांगायचं राहिलं.